ज्याचा रंग बिघडला, त्याच्या घरी रविवार

दिल्लीत दोन गोष्टी कितीही झटकल्या तरी पुन्हा साचतात: धूळ आणि आमच्या ग्रुपचे किस्से. ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. प्लॅस्टिकच्या तळहाताएवढ्या गाड्या जोडतो, रंगवतो, वरून चकाकीसाठी क्लिअर कोट मारतो. नियम एकच. ज्याचा रंग बिघडला त्याने फोटो टाकायचा, आणि रविवारी बाकीच्या दोघांनी पॉलिश पेपर घेऊन त्याच्या घरी जायचं.

* * *

डॉक्टर शेख, दातांच्या डॉक्टर, जन्मापासून दिल्लीच्या. दिवाळीनंतर हवा बिघडली तसा त्यांनी महागडा एअर प्युरिफायर घेतला. आम्ही गेलो तर बाई हॉलमध्ये खोकतायत आणि प्युरिफायर गाडीजवळ चालू.

"अरे यार, बोनेटवर धूळ बसत होती," त्या म्हणाल्या. "मेरा क्या, मी गोळी घेईन."

* * *

आता माझी फजिती. मी गुरुग्रामला अठराव्या मजल्यावर एकटा राहतो. जुलैच्या दमट हवेत घाईने कोट मारला आणि काळी गाडी ताकात बुडवल्यासारखी पांढुरकी झाली. दोघं आले, एसी लावला, थिनरचा हलका हात दिला, गाडी काळी झाली.

ते गेल्यावर तीन कप मी मंगळवारपर्यंत विसळले नाहीत. घर भरल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

* * *

तिसरे देशपांडे. मानेसरच्या कार फॅक्टरीत तीस वर्षं पेंट शॉपमध्ये होते. पण वहिनी गेल्यापासून दर आठवड्याला यांचाच कोट बिघडलेला. कधी संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, कधी तडे, कधी अंगठ्याचा ठसा.

"काका, हजारो गाड्या रंगवल्यात, आणि ही एवढीशी जमत नाही?" डॉक्टर चिडवतात.

"हात थरथरतो गं," म्हणत ते पोह्यांवर खोबरं पेरतात. त्यांचा हात अजिबात थरथरत नाही.

* * *

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे बशा शोधताना मी चुकीचं कपाट उघडलं. आत अकरा गाड्या. प्रत्येकीच्या टपावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेषेत उमटलेलं, कुठे एक कण नाही.

"बशा खालच्या कप्प्यात आहेत," मागून देशपांडे म्हणाले.

मी दार लावलं. डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

* * *

परवा शनिवारी माझ्या लाल गाडीचा कोट बसला. आयुष्यात पहिल्यांदा अगदी निर्मळ. ग्रुपवर कुणाचाच फोटो नव्हता, देशपांडेंचाही नाही, म्हणजे रविवार मोकळा. कोट अजून ओलाच होता; थोडा वेळ बघत बसलो. मग टपावर अंगठा टेकवला आणि फोटो टाकला.

देशपांडेंचं उत्तर लगेच आलं: "ठसा छान उठलाय. अकराला येतो."