उपासाच्या रश्श्यातले सोडे

आमची वेणूआत्या किहीमच्या एका मठात बावीस वर्षं स्वयंपाक करते. नारळीच्या वाडीतलं बैठं घर, त्यात सात ख्रिस्ती सिस्टर आणि त्यांच्या प्रमुख मदर सेराफिना. आत्या सोमवार धरणारी. पण ख्रिस्ती साधूंचा इतिहास तिला आमच्या मास्तरांपेक्षा जास्त येतो. तिथे जेवताना कुणी बोलत नाही. एक सिस्टर जुन्या साधूंच्या हकिगती वाचते, बाकीच्या मीठ-भातही खुणेनेच मागतात, आणि आत्या दाराआडून ऐकते. मिसर देशाच्या, आताच्या इजिप्तच्या वाळवंटात साधू एकेकटे राहायचे. पाखोमियस नावाच्या साधूने त्यांना एका छपराखाली आणलं, कामाच्या पाळ्या लावल्या. "लावायलाच पायजेत," आत्या म्हणते, "न्हायतर एका चुलीवर चार माणसं नांदतात काय?"

यंदा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात मात्र तिने घोळ घातला. तेव्हा मठात मासळी-मटण बंद असतं. आत्याने वांगी-बटाट्याचा रस्सा टाकला आणि सवयीने त्यात मूठभर सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, लोटली. बिनसोड्याचं वांगं आमच्याकडच्या हातांना ठाऊकच नाही, त्यांना तरी काय बोल लावणार? तिच्या ध्यानात आलं तोवर आत जेवणं सुरू झाली होती.

आत्या विधवा, मूलबाळ नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून नवी बाई ठेवणार अशी कुजबुज तिच्या कानावर आली होती. हे काम गेलं तर जायचं कुठे, या धास्तीने ती दोन महिने नीट झोपली नव्हती. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. पण त्या मठात चुकलेल्याने जेवणानंतर सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक आपणच सांगायची असा नेम आहे. स्वयंपाकिणीला तो लागू नाही, हे हिला कोण सांगणार? ती हट्टीच.

ती जाऊन उभी राहिली. "मदर, रश्श्यात सोडे गेले. उपास मोडला तुमचा. काढायचं असंल तर काढा मला."

मदर उठल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या कोर्लईच्या, मासळीवर वाढलेल्या.

"माझीही चूक सांगते," त्या म्हणाल्या. "पहिल्याच घासाला मला सोडे कळले. कळल्यावर मी खूण करून आणखी रस्सा मागितला. दोनदा."

वाचणारी सिस्टर सोडून बाकीच्या सगळ्या माना खाली घालून हसत होत्या. ती मागाहून जेवते, आणि तिच्या वाट्याला रस्सा उरलाच नव्हता.

"शिक्षा म्हणून आजची भांडी मी घासते," मदर म्हणाल्या. "आणि वेणूबाई, नवी बाई येतेय ती तुमच्या हाताखाली. उद्या अलिबागला जाऊन गुडघे दाखवा."

आत्याचा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसली, आणि मदरना पातेल्याचं बूड घासता येत नाही हे तिला तेव्हाच कळलं. मदर झोपायला गेल्यावर तिने ते परत घासलं.