वानखडेची रिकामी पिशवी

वानखडेच्या सापळ्याची पिशवी रिकामी होती आणि माझी पतंगांनी गच्च. साहेबांनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "बघा, याला काम म्हणतात," ते मला म्हणाले. वानखडे खाली बघून हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कृषी सहायक, वानखडेही तोच. आमची गावं शेजारी, मधे एक टेकडी. कपाशीवर गुलाबी बोंडअळी किती येणार, हे ओळखायला आम्ही शेतात कामगंध सापळे लावतो. त्यातल्या रबराच्या गोळीला, म्हणजे ल्युरला, मादी पतंगाचा वास असतो. नर वासावर येतो आणि पिशवीत अडकतो. पिशवी रिकामी म्हणजे गाव सुखरूप. ज्याचं गाव सुखरूप, त्याला साहेब वाशीमच्या ऑफिसला पाठवणार होते. माझी बायको वाशीमला शिक्षिका आहे. मी घरी जायचो ते फक्त रविवारी. वानखडेचं तर लग्नही झालेलं नाही. त्याला वाशीम कशाला हवं होतं, देव जाणे.

त्याने वास उडालेला जुना ल्युर लावला असणार, अशी माझी खात्री होती. गाडी काढली आणि थेट त्याच्या गावात गेलो. ल्युर नवा कोरा निघाला. मला फार वाईट वाटलं.

परतताना लक्षात आलं, या गावात गंज्याच नाहीत. वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आमच्याकडे जळणासाठी घरामागे रचतात. माझ्या गावात तर सोयरिकीला आलेले पाहुणेही आधी गंजीची उंची बघतात. कितीही सांगा, कोणी मोडत नाही. आणि अळीचा हिवाळा त्या गंजीतच जातो. थंडी पडली की ती वाळक्या बोंडात दोन सरक्या एकमेकींना चिकटवते आणि आत मुटकुळं करून पडते. खाणं नाही, हलणं नाही. अंगातल्या चरबीवर महिने काढते. पाऊस आला की पतंग होऊन बाहेर.

वाटेत ओळखीचे शेतकरी गजाननभाऊ भेटले. त्यांना विचारलं, "भाऊ, तुमच्या गावची पऱ्हाटी कुठी गेली?"

"मंगरूळच्या सलीमभाईनं नेली नं, वीटभट्टीले. हिवाळ्यातच ट्रॅक्टर भरभरून नेली."

"वानखडेंनी सांगितलं होतं?"

"त्याइले काय मालूम? ते तवा सुटीवर होते."

अळी झोपलेली आणि वानखडे सुटीवर! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. तसाच ऑफिसात गेलो आणि साहेबांना अळीच्या झोपेपासून वीटभट्टीपर्यंत सगळं समजावून सांगितलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उत्तम. रोगाचं मूळ तुम्हाला सापडलंय. आता तुमच्या गावातल्या गंज्या हलवायला तुमच्याशिवाय दुसरा माणूस नाही. तुम्हाला कसं सोडू?"

वानखडे वाशीमला गेला. हिवाळा लागताच मी सलीमभाईंना गाठलं, घरोघर फिरून भांडलो आणि गंज्या उठवल्या. पुढच्या हंगामात माझीही पिशवी रिकामी निघाली. तपासणीला वाशीमहून वानखडेच आला. रिकामी पिशवी बघून म्हणाला, "माझीच पद्धत उचलली वाटतं."

एवढंच शिकलो: दुसऱ्याच्या नशिबाचं कारण जरूर शोधावं, पण ते साहेबांना सांगायला जाऊ नये.