आमच्या घरची कातडी

माझी मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करते. त्या वाफेच्या खोलीत माणूस उकडून निघतो, पण ही गळ्यापर्यंत बटणं लावून उभी. मानेवर, काखेत, जांघेत तिची कातडी सोलवटते, चिघळते. आजोबांची तशीच होती, माझ्या आईचीही तशीच आहे. घरात त्याला कुणी कधी आजार म्हटलं नाही. "आपली कातडीच तशी," की विषय संपला. मी त्यातून सुटले, पण हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

यंदा मावशीने गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली. पेशी बिघडलेल्या निघाल्या. पुन्हा केली, पुन्हा तेच. कॅन्सर व्हायच्या आत पिशवी काढून टाकू, असं ठरलं. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "दुसरा काही आजार?" आणि बाईसाहेब म्हणायच्या, "छे, ठणठणीत आहे." नर्सने जांघेतलं पाहिलं, तर तिला "घामोळं आहे" सांगून वाटेला लावलं. मी म्हटलं, सांगून टाक ना! तर माझ्यावरच खेकसली, "पिशवीचा आणि कातडीचा काय संबंध?"

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गळा तपासायला बटणं सोडायला सांगितली. मावशी बटण सोडेना. माझं डोकं फिरलं आणि मीच तिची बटणं सोडली. बाई बघतच राहिल्या.

"हे कधीपासून?"

"आमच्या घरचंच आहे ते," मावशी म्हणाली.

ऑपरेशन थांबलं. कातडीचा तुकडा तपासला, आधीच्या तपासणीतल्या पेशींच्या काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या. घराण्यात चालत येणाऱ्या या आजारात कातडीच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, गर्भपिशवीच्या तोंडाशीही सुटतात, आणि सुटलेल्या पेशी बिघडल्यासारख्या दिसतात. पिशवीला काही झालेलंच नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. मी चडफडत होते. एक वाक्य बोलली असती तर!

बसथांब्यावर मावशीने गळ्याचं बटण पुन्हा लावलं. मग म्हणाली, "ताईचंही तपासणीत असंच निघालं होतं गं. तिला कुणी बटणं सोडायला लावली नाहीत."

ताई म्हणजे माझी आई. मी दोन वर्षांची असताना तिची पिशवी काढली. मला भाऊ हवा म्हणून मी रडायचे, तेव्हा ती म्हणायची, "मी जगले हेच खूप समज." अजूनही ती त्या डॉक्टरांना दुवा देते.

आता घरी जाऊन तिला सांगायचं होतं, मावशी वाचली. कशी वाचली, हे ती विचारणारच होती.