सोंगाच्या आत लपवलेल्या गोळ्या

यंदा बोहाड्याच्या, म्हणजे आमच्या सोंगं नाचवायच्या उत्सवाच्या सकाळी नरसिंहाचं सोंग पुसायला घेतलं, तर मुखवट्याच्या आतल्या चिंध्यांत तीन पांढऱ्या गोळ्या! आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हृदयाच्या. म्हणजे तीन दिवस माझ्यासमोर पाणी पिऊन, गोळी गालात धरून पडवीत पळत होता लबाड.

मोखाड्यात या सोंगाचा मान पिढ्यान्‌पिढ्या यांच्या घराकडे. संबळ वाजला की छाती धडधडायला हवी, तरच अंगात वारं येतं, अशी यांची समजूत. गोळी घेतली की धडधड नाही, म्हणजे देवही नाही. काय बोलायचं यावर!

पण रागवू तरी कुठल्या तोंडानं? ही अक्कल मीच दिलेली, कैक वर्षांपूर्वी, अशाच एका बोहाड्याच्या तोंडावर. तेव्हा चाळिशीतली मी, शाळेतली विज्ञानाची बाई. चुलीपुढेसुद्धा फळ्यापुढे असल्यासारखी बोलायची. यांना गोळी सुरू होऊन वर्ष झालेलं. मी म्हटलं, "हृदयाच्या स्नायूवर कुलपं असतात. ॲड्रिनलिन ही किल्ली. ती लागली की स्नायू जोरात आवळतो. गोळी कुलपात बसून किल्ली अडवते. चार दिवस बंद करा, कुलपं मोकळी. आहे काय त्यात!"

होतं ना! वर्षभर किल्ली अडली म्हणून हृदयानं जास्तीची कुलपं बसवून घेतली होती. बाईंना पत्ताच नाही. गोळी थांबताच सगळी एकदम मोकळी. पहिल्याच फेरीत हे सोंगासकट कोसळले. लोक म्हणाले, "काय वारं आलंय!" आणि मी मूर्ख, हात जोडून उभी. सोंग काढल्यावर निळे ओठ दिसले, तेव्हा कुठे नाडी आठवली. जीपमधून जव्हार गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणी बंद केली?" मी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

आता हे म्हणतात, "तूच शिकवलंस की!"

"चुकीचं शिकवलं. आ करा."

डॉक्टरांना फोन केला. राहिलेल्या तिन्ही एकदम नकोत, नेहमीची एकच द्या, म्हणाले. आणि नाडी ठीक असेल तरच सोंग घालायचं, तेही सावकाश, एकच फेरी. मी सोंग मांडीवर घेऊन बसले. गोळी पोटात गेली, यांनी जीभ उचलून दाखवली, संध्याकाळी मी मनगट तपासलं, मगच सोंग हातात दिलं.

हे एक फेरी मारून आले. मी पुन्हा मनगट धरलं. ठोके संथ, सरळ.

"आला का देव?"

"आला," हे फुरंगटून म्हणाले, "पण चालत आला."