गाडीखालचे पाय

आमच्या गल्लीत एक जुनी डिझेल मिनीबस उभी असते. आत पलंग, शेगडी, पडदे, सगळा संसार. मालक निवृत्त गृहस्थ. त्यांचं नाव मला ठाऊक नाही. चेहराही सकाळी क्षणभरच दिसतो. ओळख आहे ती गाडीखालून बाहेर आलेल्या पायांशी.

"कन्याकुमारीला जायचंय. गाडी जुनी हाय, आधीच सगळं बघून घेतलेलं बरं," असं त्या पायांनी मला सांगितलं, त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. तेवढ्या काळात डिझेल फिल्टर बदलला, पट्टा बदलला, रेडिएटरचे पाइप बदलले. मग उभ्या उभ्या नवे पाइप जुने झाले, म्हणून तेही बदलले. रोज सकाळी ते इंजिनचं ऑइल चिमटीत चोळतात, हुंगतात आणि सांगून आलेल्या स्थळाला नाक मुरडावं तसं मुरडतात. एकदा चाचणी म्हणून गाडी खुलताबादच्या घाटापर्यंत गेली. काहीतरी खट्ट वाजलं, म्हणून तिथूनच परत फिरली. वाजलं होतं त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, पातेलं.

काकूंना समुद्र बघायचा होता. त्यांची बॅग पहिल्या दिवाळीपासून भरलेली.

परवा तीच बॅग घेऊन त्यांनी माझ्यासमोर रिक्षा थांबवली.

"कुठं निघालीस?" गाडीखालून आवाज आला.

"समुद्र बघाया. बसनं."

पाय हलायचे थांबले. मला वाटलं, आता तरी माणूस बाहेर येईल.

"अगं," खालून खरोखर काळजीनं आवाज आला, "बसायच्या आधी बसचे टायर तेवढे बघून घे!"