लाँचवरची पिवळी डबी

लाँचवरचे किस्से निघाले की पहिलं हसू येतं, मंग कुणीतरी विषय बदलतं. बहुतेक मीच. आज सांगून टाकतो, राव.

धरणाच्या फुगवट्यापलीकडं ज्या वाड्या राहिल्या, त्यांना आमची लाँच हाच रस्ता. बबनभाऊ चालवायचे, मी इंजिनावर. पाण्यावर मोबाईलला रेंज नाय, म्हणून वायरलेस मिळाला. सोळा नंबरचं चॅनल फक्त संकटासाठी, असं बजावलेलं. पहिल्याच आठवड्यात पलीकडनं आवाज, "भाऊ, येताना मिरच्या आणा, कालवण अडलंय!"

भाऊ म्हणाले, "हे पण संकटच की."

*

लाईफ जॅकेटं पण व्हती. फळी टोचते म्हणून म्हाताऱ्या ती बुडाखाली घ्यायच्या. मी ओरडलो तर भाऊ म्हणायचे, "बसू दे. तिचा जीव कंबरंतच हाय."

*

मंग आली डबी. पिवळी, मुठीएवढी. बटण दाबलं की सिग्नल थेट सॅटेलाईटला. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, लगेच मदत निघंल.

"कुठनं?" भाऊंनी विचारलं.

"पुण्याहून."

"म्हंजे दहाव्याला पोचतील."

साहेबांना हसावं का न्हाई कळंना.

*

डबी दाबली की आधी साहेबांच्या हापिसातनं घरी फोन जातो, खरं का खोटं विचारायला. भाऊंनी नंबर दिला बायकोचा, आमच्या वहिनींचा. त्या ऱ्हायच्या गावात, अवसरीला, तिथं रेंज भरपूर.

एकदा मेंढरं पार नेताना एका मेंढीनं डबीच चघळली, बटण दाबलं गेलं. फोन आल्यावर वहिनी घाबरून म्हणाल्या, खरंच आसंल. काठावर पोलिसांची गाडी हजर! मंग हापिसातनं वहिनींना फोनवर लई झापलं. दुसऱ्यांदा भाऊंनीच दाबली, चालते का बघायला. नवऱ्याचं काम जाईल म्हणून वहिनींनी धसका घेतला. तवापासनं उत्तर पाठ, "चुकून दाबली गेली साहेब, माफ करा."

*

त्या दुपारी वारा उठला. माणसं पलीकडं उतरवून आमी दोघंच माघारी येत व्हतो. लाँच कलंडली. उलट्या बुडाला धरून लोंबकळलो. भाऊंनी डबी दाबली, दिवा लुकलुकायला लागला.

"निघाले आसतील," भाऊ म्हणाले.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "खेड सोडलं आसंल."

मंग म्हणाले, "घोडेगावात चहाला थांबले वाटतं." मला हसू आलं, खरंच आलं.

दिवस मावळताना त्यांचा हात सुटला. मला मासे धरणाऱ्यांच्या होडीनं काढलं. गाडी काय आली न्हाई.

सावडून आल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"भावजी, दुपारी फोन आला व्हता. मी नेहमीचंच सांगितलं. तवा हे जित्ते व्हते का?"

"नाय वहिनी," मी म्हणालो. "लाँच कलंडली तवाच गेले."