‘भ्र.’च्या नऊ ओळी

सत्यशीला सूर्यभान खिल्लारे ही परभणीच्या एका ग्राहक भांडारात कॉम्प्युटरवर बसायची. साल त्र्याण्णव. धान्य-साखरेच्या कार्डांच्या याद्या छापून काढणं हे तिचं काम. शांत पोरगी, असं गल्ली म्हणायची. शांत कसली! झाकण ठेवलं म्हणून आधण थंड होतं का?

झाकण उडालं ते दिवाळीच्या तोंडावर. ताडकळसहून तिची आई मालनबाई आली, हातात कार्ड घेऊन.

"दुकानदार म्हणायलाय, तुजं नाव यादीतच न्हाई. मी काय मेले का गं?"

सत्यशीलेनं आपल्या भांडाराची यादी काढून पाहिली. तिथंही तेच. ज्या कार्डावर बाईचं नाव पहिलं, म्हणजे विधवा, टाकलेली, एकटी, ते कार्डच गायब. दोन दिवस ती प्रोग्रामच्या ओळी वाचत बसली, तेव्हा चोर सापडला. आपल्याकडं बाईचं नाव कसं लिहितात? मालनबाई भ्र. सूर्यभान. भ्र. म्हणजे भ्रतार. बापाचं नाव लावायचं तर पि. पण यंदाचा नवा प्रोग्राम लिहिणारा पुण्याचा. त्याला पि. कुणी तरी सांगितलं होतं, भ्र. सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. पि. नसलेलं नाव प्रोग्राम अपूर्ण समजून टाकून देई, आणि टाकलं असं सांगतही नसे. देवाच्या दारात नवऱ्याचं नाव विचारत नाहीत. इथं विचारलं, आणि सांगितल्यावर बाईलाच हाकललं.

तिनं नऊ ओळी लिहिल्या. परभणीच्या यादीत एकशे चार बाया परत आल्या. पण ताडकळस येतं तालुक्याच्या शाखेत. तिथला कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचा. प्रोग्राम तोच, पण तिथल्या माणसानं आपल्या सोयीनं फिरवलेला. तिसऱ्या शाखेचं आणखी तिसरंच.

"साहेब, ह्या ओळी दोन्ही शाखांना धाडू."

व्यवस्थापक दिनकरराव पानाला चुना लावत होते. "आपली यादी झाली ना? मग बास. उद्या त्यांचं काही बिघडलं, तर खापर आपल्या डोक्यावर."

"साहेब, तिथल्या बाया..."

"बाई, तुमी कॉम्प्युटर बघा. जग बघू नका."

तिनं जगच बघितलं. ओळी कागदावर उतरवून पोस्टानं धाडल्या. आठव्या दिवशी तालुक्याहून बन्सीधरचा फोन. तिथल्या कॉम्प्युटरवर तो बसे.

"ताई, काय धाडलंय तुमी? तुमच्या तीनशे चाळीसनं आमची तीनशे चाळीस खाल्ली! आता पुरुषमंडळीबी गायब झाली!"

प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला आकडा असतो. त्याच आकड्यावर नवी ओळ ठोकली, की जुनी पुसते. तिची तीनशे चाळीस नावाची होती, त्याची गावाची. त्यानं न बघता ठोकली. जुना प्रोग्राम परत घालून त्यानं निस्तरलं. पण दिनकररावांना आयतं मिळालं. "सांगितलं नव्हतं का?" महिनाअखेरीला यादी पक्की होणार होती. तीत ज्याचं नाव नाही, त्याचं कार्ड रद्द.

सत्यशीला राहायची कस्तुराबाईंच्या घरात, मागच्या खोलीत. कस्तुराबाईंनी आडनाव न विचारता खोली दिली नव्हती; विचारून दिली होती, आणि शेजारणींच्या कुजबुजीला "तुमच्या वाड्यात ठेवलीय का?" म्हणून गप्प केलं होतं. त्या दिवशी एकादशी. ओसरीवर भजनाच्या बाया हातानं लिहिलेल्या वह्या घेऊन बसलेल्या.

"सरजाबाई, तुज्या वहीत एक कडवं गळालंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "पान बारा काढ."

"माज्या बाराव्या पानावर तर आरती हाय!"

"पान गेलं खड्ड्यात. 'दिवा लावला दारात' ही ओळ हुडक. तिच्या खाली हे लिही."

सत्यशीलेच्या हातातला चहा निवून गेला. तिनं तिथंच ओसरीवर नवा कागद घेतला. आकडा एकही नाही. जी ओळ काढायची तिच्यापुढं वजा, घालायची तिच्यापुढं अधिक, आणि वरखाली ओळखीच्या दोन-दोन ओळी.

सकाळच्या यष्टीनं ती स्वतः तालुक्याला गेली. बन्सीधरनं लांबूनच हात जोडले.

"न्हाई ताई. एकदा भाजलंय. साहेबाचं पत्र आणा."

"पत्र येईस्तोवर कार्डं रद्द होतील. इथल्या बायांनी काय करावं?"

"ज्याचं त्यानं बघावं." तो जरा गालात हसला. "माज्या मायचंबी नाव उडलं होतं, पोळ्याच्या टायमाला. मी भ्र. काढून पि. ठोकलं. गेलं चालून."

सत्यशीला उठून उभी राहिली.

"पोळ्यापासून ठाऊक हाय तुमाला?"

"आता त्यात काय..."

"आमच्या गावच्या पायनाबाई न् दगडाबाई कार्डं घेऊन दारोदार फिरायल्यात, माजी माय इचारायलीय मी मेले का, अन् तुमी मायला तिच्या नवऱ्याची लेक करून गप बसलाव? लाज न्हाई वाटली? तुमच्या बापाला काय केलं मग, आजा?"

दुकानात साखरेला आलेली माणसं वळून बघायला लागली. कुणी तरी फिसकन हसलं. बन्सीधरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हळू बोला ताई."

"हळू बोलूनच हितवर आलंय. बसा. आधी मायचं नाव भ्र. करा."

"अन् उडलं तर?"

"उडलं तर यादीच्या बाहेर माज्या मायच्या शेजारी बसंल. आमची माय कुणाला उठवत न्हाई."

त्यानं घाम पुसला. जुन्या प्रोग्रामची एक नक्कल बाजूला ठेवली. ती ओळखीची ओळ वाची, तो हुडके. त्याच्याकडं ती तीनशे चाळीसला नव्हतीच, पाचशे दहाला होती. नऊ ओळी बसल्या. छपाईयंत्र करकरायला लागलं. आधी गावातली नावं: पार्वतीबाई भ्र. चंद्रभान. बन्सीधरनं मायच्या नावावर बोट ठेवलं. मग लांबच लांब कागद, आणि ताडकळसच्या पानावर मालनबाई भ्र. सूर्यभान.

सत्यशीलेच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग तसाच होता. तिनं पिशवीतून कार्बन काढून त्याच्या पुढ्यात आपटला.

"तिसऱ्या शाखेची नक्कल तुमच्या हातानं लिहा. अन् नेऊन द्यायची तुमीच. पोळ्यापासून दडवलंय न्हवं?"

तो लिहायला लागला. पहिल्याच ओळीला त्यानं सवयीनं आकडा घातला. तिनं पेन हिसकावून तो खोडला.